बाजूचं दार

असाहेल वॉडमच्या घराला दोन दारं होती. पुढचं दार घरच्यांचं आणि पाहुण्यांचं. बाजूचं दार गावाचं. टिलिंगटनमध्ये कोणाकडे मूल जन्मलं किंवा माणूस गेलं, की त्या घरचं कोणीतरी बाजूच्या दाराशी यायचं, दोनदा ठोकायचं आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभं राहायचं. आत यायचं नाही, बसायचं नाही, साधं पाणीही मागायचं नाही. सख्खा शेजारी असला तरी त्या दारात तो असाहेलला नावाने हाक मारायचा नाही, ‘कारकून’ म्हणायचा. आणि कारकुनाने तेच ठरलेले प्रश्न विचारायचे. कोण? केव्हा? वय किती? आईबाप कोण? सांगणारं कोण? रडायचं असेल तर घरी जाऊन रडावं, दारात उत्तरं द्यावीत, अशी आमची रीत. बाहेरगावच्या माणसाला ही कोरडी वाटते. वाटू दे. माझ्या आईचं नाव सांगायला मी त्या दारात उभा राहिलोय, आणि त्या प्रश्नांनीच मला उभं धरलं होतं.

असाहेल पिंपं बनवायचा. सफरचंदाची दारू भरायची पिंपं, खारवलेल्या डुकराच्या मांसाची पिंपं. पण अक्षर मोत्यासारखं, म्हणून गावाने त्याला एकोणीस वर्षांपूर्वी कारकून केला आणि मग बदलायची तसदीच कोणी घेतली नाही. गावच्या त्या जाड पुस्तकात एकोणीस वर्षांतलं प्रत्येक मरण त्याच्या हातचं. त्या उन्हाळ्यात, सन सतराशे शहात्तरच्या ऑगस्टात, एकच मरण लिहायचं राहिलं होतं. ते त्याच्याच मुलाचं, इलीहूचं. बातमी येऊन सहा आठवडे झाले होते.

राहिलं होतं त्याला कारण होतं. ते कारण असाहेलशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

झालं असं, की जानेवारीत वरून हुकूम आला, कॅनडावर फौज जाणार आहे, टिलिंगटनने सात माणसं द्यावीत. सोळा वर्षांखालचा चालणार नाही. असाहेलने सभेचं बोलावणं लिहिलं आणि सवयीने सुरुवात केली, ‘महाराजांच्या नावाने आपणांस कळवण्यात येते की’. एकोणीस वर्षं प्रत्येक बोलावणं असंच सुरू व्हायचं आणि दुसरं काही लिहा असं तोवर कोणी सांगितलंही नव्हतं. इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढायला माणसं हवीत म्हणून त्याच राजाच्या नावाने सभा. गिरणीवाला लेवी थेअर ते वाचून पोट धरून हसला. नंतर मात्र हसला नाही. त्याची दोन्ही पोरं यादीत होती.

सभेत सहा नावं झाली. सातवं मिळेना. कोणाच्या बायकोचे दिवस भरत आले होते, कोणाचा पाय मोडला होता, कोणाला अचानक खोकला झाला होता. तेव्हा लेवी थेअर सगळ्यांसमोर म्हणाला, “आपले कारकून दुसऱ्यांच्या पोरांची नावं फार सुरेख लिहितात हो. एवढासासुद्धा डाग पडत नाही.”

कोणी हसलं नाही. असाहेलने मान वर केली नाही, पण ते वाक्य त्याला जे लागलं ते लागलं.

घरी आला तर इलीहू पिंपाच्या फळ्या तासत बसला होता. पंधरा वर्षं आणि चार महिने. अंगाने थोराड, आवाज फुटलेला. सभेत काय झालं ते पोराच्या कानावर आधीच आलं होतं.

“बाबा, मी जातो ना.”

“वय नाही तुझं.”

“आठ महिन्यांचा तर प्रश्न आहे. आणि पुस्तक तुमच्याकडेच आहे की.”

असाहेलने त्याला एक सणसणीत ठेवून द्यायला हवी होती. त्याने दिली नाही. पोरगं रोज मागे लागलं. असाहेलची बायको जेरुशा निर्धास्त होती. ती म्हणायची, “करू दे हट्ट. अहो, तुम्ही एक शब्द बोलू नका. माणसं न्यायला कॅप्टन ग्रोव्हर येईल, वय बघेल, तेव्हा पुस्तक नुसतं उघडून पुढे ठेवा. गावच्या पुस्तकापुढे कोणाचं काय चालणार आहे?” तिचा त्या पुस्तकावर एवढा भरवसा होता. तिला छापील वाचता यायचं, बायबल तिचं दोनदा वाचून झालं होतं, पण हातचं लिहिलेलं लागायचं नाही. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांचं तसंच.

कॅप्टन यायच्या आदल्या दिवशी, दुपारी, जेरुशा शेजारी सूत घेऊन गेली असताना असाहेलने पुस्तक उघडलं. इलीहू, असाहेल व जेरुशा वॉडम यांचा मुलगा, जन्म २१ सप्टेंबर १७६०. त्याने टाक तासायच्या चाकूने शेवटचे दोन आकडे खरवडले. खरवडल्यावर कागद केसाळ होतो, शाई फुटते. म्हणून त्याने राळेची पूड चोळली, नखाने घासून गुळगुळीत केली आणि साठच्या जागी एकोणसाठ लिहिलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एकोणीस वर्षांत त्याने त्या पुस्तकात एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. लेवी थेअरच्या एका टोमण्यापायी लिहिलं. का? तर चारचौघांत मान खाली जाऊ नये म्हणून. मला हे सांगताना आजही त्याचा राग येतो.

कॅप्टनने पुस्तक पाहिलं, मान डोलावली आणि सातवं नाव घेतलं. जेरुशा धावत अंगणात गेली. “पोर पंधराचं आहे, कॅप्टन. पुस्तक बघा.”

“बघितलं, बाई. पुस्तकात सगळं ठीक आहे.”

तिला वाटलं, हा माणूस ढळढळीत बघूनही पोर नेतोय. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मूग गिळून उभा होता. तिला वाटलं, कॅप्टनपुढे बापडा काय बोलणार.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कॅप्टन ग्रोव्हर तापाने फणफणलेला असा बैलगाडीतून परत आला. बरोबर चाकं बनवणाऱ्याचा मुलगा ओबेद होता, तोंडभर देवीचे व्रण घेऊन. ओबेद पुढच्या दाराने आला. जेरुशाने खुर्ची दिली तरी बसला नाही.

“तीन जूनला गेला, काकू. देवी आल्या. धान्याच्या कोठारात होतो आम्ही सगळे, चाळीसेक जण. शेवटी त्याला दिसत नव्हतं. मी पाणी देत होतो.”

“काही बोलला?”

“हवा कशी आहे विचारलं. गवत कापणीची वेळ झाली का, असं.”

जेरुशाने त्याला मक्याची लापशी वाढली. तो उभ्यानेच खाऊन गेला. असाहेल परत जाऊन पिंपाला कडं बसवू लागला आणि ते बसलंही नीट. त्याला रडू येईना. तो वाट बघत होता की आज येईल, उद्या येईल. काहीच आलं नाही. जेवण तोंडात जायचं, चव लागायची नाही. कोणी बोललं की ऐकू यायचं, पोचायचं नाही. आत काही दुखत असेल तर ते त्याला सापडत नव्हतं. नोंद लिहायची म्हणून त्याने दोनदा पुस्तक उघडलं. मरणाच्या नोंदीत वय लिहावं लागतं. खरं लिहावं तर जन्माच्या पानाशी जुळत नाही आणि खोटं लिहावं तर पोर मेल्यावरही खोटं. दोन्ही वेळा पुस्तक मिटून ठेवलं. जेरुशा रोज कॅप्टनच्या नावाने बोटं मोडायची. असाहेल ऐकून घ्यायचा. ती उठून गेली तर काय, एवढा एकच विचार त्याच्यात जिवंत होता. मुलगा गेला होता, आता घरात दुसरं कोणी नव्हतं.

ऑगस्टच्या एका रविवारी दुपारच्या प्रार्थनेनंतर पाद्री स्ट्रिकलंडांनी एक छापील कागद वाचून दाखवला. फिलाडेल्फियाहून निघालेला, वरच्या मंडळाने गावोगाव पाठवलेला. आजपासून आपण राजाचे कोणी नाही, आणि का नाही, त्याची यादी. त्याने चांगले कायदे अडवले. त्याने न्यायाधीश आपल्या मुठीत ठेवले. त्याने शांततेच्या काळात आमच्यात फौजा आणून ठेवल्या. त्याने आमची गावं जाळली. कालपर्यंत महाराज होते, आता नुसता ‘तो’. लोक श्वास रोखून ऐकत होते. लेवी थेअर, ज्याचा थोरला अजून कुठे आहे ते कळलं नव्हतं, प्रत्येक ‘त्याने’ला मूठ गुडघ्यावर मारत होता. वाचून झाल्यावर पाद्रींनी कागद असाहेलच्या हातात दिला. हुकूमच होता, की गावच्या कारकुनाने हे सगळं पुस्तकात उतरवून कायमचं ठेवावं.

सोमवारी सकाळी तो खिडकीशी बसला. टाक तासला, शाई ढवळली. ‘त्याने’ लिहिलं. खाली पुन्हा ‘त्याने’. पुन्हा ‘त्याने’. बुधवारपर्यंत हात आपोआप चालू लागला. एवढी मोठी मोठी वाक्यं, आणि त्याला त्यातलं एकही जाणवत नव्हतं. रागसुद्धा आला नाही. लोकांना राजाचा केवढा राग आलाय, आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याचंही त्याला फार वाटलं नाही.

जेरुशा वाटाणे सोलत बसली होती. तिने भांडं बाजूला ठेवलं, हात पुसले आणि छापील कागद उचलला.

“छापील आहे. मला लागेल.”

ती बोट ठेवून वाचू लागली. एकेक ओळ, ओठ हलवत. बराच वेळ लागला तिला. मग पुन्हा वरपासून सुरुवात केली.

“काय शोधतेस?”

“इलीहू कुठे आहे यात?”

“त्यात कोणाचंच नाव नाही.”

“नाव नसू दे. पण त्याची गोष्ट? फौजा म्हटलंय, गावं म्हटलंय, समुद्रावर पकडून नेलेली माणसं म्हटलंय. पंधरा वर्षांचं पोर नेलं, असं कुठे म्हटलंय?”

“ते राजाने नाही केलं, जेरुशा.”

“ठाऊक आहे मला. ग्रोव्हरने केलं.” तिने कागद त्याच्यासमोर ठेवला. आवाज चढला नव्हता. “अहो, तुम्ही उतरवताच आहात ना सगळं? मग शेवटी एक ओळ जास्तीची घाला. कॅप्टन ग्रोव्हरने गावचं पुस्तक डोळ्यांनी बघूनही पोर नेलं. बस, एवढंच. राजाचं एवढं सगळं लिहून ठेवतात, आपलं एक नको?”

“असं घालता येत नाही.”

“नाही ना येत? मग मी रविवारी प्रार्थनाघरात मंडळीपुढे तक्रार ठेवते. तो ताप आलेला असो नाहीतर काही असो. उभा राहू दे मधल्या वाटेत आणि सांगू दे सगळ्यांना, की बघितलं होतं.”

ती परत वाटाणे सोलू लागली. असाहेलने टाक बुडवला. पुढची ओळ ‘त्याने’ची होती. त्याच्या हातून ‘मी’ पडलं. एकोणीस वर्षांत नक्कल करताना तो कधी चुकला नव्हता. त्याने चाकू घेतला, ते अक्षर खरवडलं, पूड चोळली आणि मग चाकूकडेच बघत बसला. जेरुशाने विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काही नाही.

मधली वाट म्हणजे काय ते आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. ज्याच्या हातून पाप घडलंय त्याने ते कागदावर लिहून पाद्रींना द्यायचं. रविवारी पाद्री वाचतात आणि तो माणूस बाकावरून उठून प्रार्थनाघराच्या मधल्या वाटेत उभा राहतो. त्याने तोंड उघडायचं नाही. मग मंडळीतले पुरुष हात वर करतात, झालं, माफ आहे म्हणतात. त्यानंतर ती गोष्ट पुन्हा कोणी काढायची नाही. बहुतेक काढतही नाहीत.

शुक्रवारी असाहेल आपला कागद घेऊन पाद्रींकडे गेला. पाद्रींनी वाचला आणि चष्मा काढला.

“जेरुशाला माहीत आहे?”

“नाही.”

“मग आधी घरी सांग, असाहेल. हे तिला तिथे ऐकायला लावू नकोस.”

“हो.”

“नक्की?”

“हो म्हटलं ना.”

शनिवारी सूर्य मावळला की शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, लागतो. तोवर त्याच्याकडे वेळ होता. जेरुशाने घेवड्याचं मडकं भट्टीत ठेवलं, राय या धान्याचा आणि मक्याचा पाव ठेवला. तो तिच्यामागे या खोलीतून त्या खोलीत फिरला. दोनदा तिने विचारलं, “अहो, काही हवंय का?” दोनदा तो नाही म्हणाला. राजाला नको म्हणायची छाती सगळ्या गावाला झाली होती, या माणसाला स्वतःच्या बायकोशी चार वाक्यं बोलायची छाती होईना. मी त्याची बाजू घेणार नाही.

रविवारी जेरुशा तक्रारीसाठी तयार होऊनच बसली होती, हातमोजे घालून, ताठ. कॅप्टन ग्रोव्हरला त्याच्या बायकोने धरून आणलं होतं. पाद्री म्हणाले, एक कागद वाचायचा आहे. असाहेल उठला. जेरुशाला वाटलं, हा माझ्या वतीने उठला. तिने त्याला वाट देण्यासाठी घागरा आवरून घेतला. ते तिचं घागरा आवरणं मी पाहिलं. विसरता येत नाही.

तो मधल्या वाटेत जाऊन उभा राहिला. पाद्रींनी वाचलं.

“मी, असाहेल वॉडम, या गावाचा कारकून. मी जानेवारी महिन्यात गावच्या पुस्तकातलं माझ्या मुलाचं जन्माचं वर्ष चाकूने खरवडलं. मी तिथे खोटं वर्ष लिहिलं. मी ते कॅप्टन ग्रोव्हर यांना दाखवलं. त्यांनी जे पुस्तकात होतं तेच पाहिलं. मी माझ्या बायकोला खरं सांगितलं नाही. मी लोकांच्या बोलण्याला भ्यालो होतो. मला दुसरं काही म्हणायचं नाही.”

सात दिवसांपूर्वी त्याच जागेवरून, त्याच आवाजात राजाची यादी वाचली होती. तेव्हा राजा तिथे नव्हता, म्हणून लोकांना मूठ आपटता आली. आता माणूस समोर उभा होता. कोणाला कुठे बघावं कळेना.

पाद्रींनी हात वर करायला सांगितलं. पहिला हात कॅप्टन ग्रोव्हरचा आला. मग एकेक करत सगळे. शेवटी लेवी थेअरचा. त्याने हात वर केला आणि दुसऱ्या हाताने तोंड झाकून घेतलं. असाहेल माफ झाला. त्याला काहीही वाटलं नाही. तो फक्त जेरुशाकडे बघत होता, आणि जेरुशा समोरच्या बाकाच्या लाकडाकडे बघत होती. मंडळीत बायकांचा हात मोजत नाहीत.

घरी येताना ती पुढे चालली, तो मागे. दुपारच्या प्रार्थनेला ती आली नाही. तो परत आला तेव्हा घरात कोणी नव्हतं. घेवड्याचं मडकं भट्टीत तसंच होतं. तिची टोपी खुंटीवर नव्हती. गेली, असं त्याच्या मनात आलं, आणि तो टेबलाशी जाऊन बसला. दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही.

सूर्य डोंगराआड गेला, म्हणजे शब्बाथ संपला, आता काम केलं तर चालतं. तेवढ्यात बाजूच्या दारावर दोनदा ठोकलं.

त्याने दार उघडलं. जेरुशा उभी होती. उंबऱ्याच्या बाहेर. टोपी नीट बांधलेली, हात पुढे जुळवलेले, बाकीच्या सगळ्या बायका उभ्या राहतात तशी.

“कारकून,” ती म्हणाली. “मृत्यू नोंदवायचा आहे.”

बावीस वर्षांत तिने त्याला ‘अहो’शिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

“आत ये,” तो म्हणाला.

ती हलली नाही. “नोंदवायचा आहे.”

तो मागे वळला, पुस्तक उघडलं, टाक घेतला. प्रश्न त्याला विचारायचेच होते, न विचारता लिहिता येत नाही.

“कोण?”

“इलीहू वॉडम.”

“केव्हा?”

“तीन जून. कॅनडात, कोठारात.”

“वय?”

“पंधरा वर्षं, आठ महिने, तेरा दिवस.” ती थांबली नाही, तिने हिशेब केव्हाचा केलेला होता. “आणि जन्माचं पान काढा. ते आधी नीट करा. मी थांबते.”

त्याने पान काढलं. चाकूने एकोणसाठ खरवडलं. तिथला कागद आधीच पातळ झाला होता, तो फाटला. दाण्याएवढं भोक पडलं, त्यातून मागच्या पानावरची ओळ दिसू लागली. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“भोकाच्या शेजारी लिहा,” ती म्हणाली.

त्याने शेजारी लिहिलं, १७६०. मग मरणाच्या पानाकडे आला.

“आईचं नाव?”

“जेरुशा.”

“बापाचं?”

रस्त्यावरून कोणाच्या तरी गाई घरी चालल्या होत्या. त्या सगळ्या जाईपर्यंत ती त्यांच्याकडे बघत राहिली.

“ते तुमचं तुम्ही लिहा,” ती म्हणाली.

त्याने लिहिलं. ‘असाहेल’मधला पहिला ‘अ’ काढताना त्याचा हात थांबला, आणि बातमी आल्यापासून पहिल्यांदा त्याला आत काहीतरी दुखलं. त्याने ते अक्षर पुरं केलं. अजून एक प्रश्न राहिला होता.

“सांगणारं कोण?”

“आई,” जेरुशा म्हणाली, आणि शाई वाळेपर्यंत दारातच उभी राहिली.